यंत्राचा कंठ

‘व्हॉक्स ह्यूमाना’ हे मूळचे ऑर्गनमधील एका स्वरसंचाचे नाव. हवेच्या झोतातून मानवी कंठाचा आभास निर्माण करणे, हे त्याचे कार्य. ‘डॅनियल अमॉस’ या अमेरिकन ख्रिस्ती वाद्यवृंदाने १९८४ साली आपल्या सिंथेसायझरप्रधान ध्वनिमुद्रिकेस तेच नाव दिले. ऐंशीचे दशक आले, मग उडण्याची वचन दिलेली यंत्रे कोठे आहेत, असा उपरोधिक सवाल तीत आहे. यंत्रयुगाची ही चिकित्सा यंत्राच्याच कंठातून उमटते. हा अंतर्विरोध दोष मानावा काय?

मर्ढेकरांनी ‘काही कविता’मध्ये (१९४७) उलट मार्ग धरला. यंत्रयुगातील माणसाची विटंबना त्यांनी ओवी-अभंगाच्या घाटात ओतली. तेथे भक्तीचा छंद यंत्राचा न्याय करतो. येथे यंत्राचा नाद श्रद्धेलाच साक्षीस बोलावतो.

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीत मुक्कामास येते, तेव्हा अभंग ध्वनिक्षेपकातून कारखान्यांच्या भिंतींवर आदळतो आणि पाळी संपवून आलेला कामगार त्यावर टाळ धरतो. निर्भेळ कंठ तेथेही उरलेला नाही. तरी टाळ चुकत नाही. माध्यमाच्या सोवळेपणावर आधारलेली समीक्षा या टाळाचा अर्थ लावू शकत नाही. त्या आवाजात माणूस ओळखू येतो काय, एवढाच निकष उरतो. आणि तो जुन्या छंदालाही चुकत नाही.