थांब, स्वस्त होईल!

परवा न्यू जर्सीहून नातवाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाला, "आजोबा, नवा गेम कन्सोल घ्यायचाय. घेऊ, का थांबू?"

आता "थांब, स्वस्त होईल" हे वाक्य आमच्या घरात माझ्याच नावावर जमा आहे. याच वाक्यावर मी हिला मिक्सरसाठी दोन वर्षं पाट्यावर वाटण वाटायला लावलंय! पण या वेळी ते तोंडातून निघेना. २०११ साल आठवलं.

त्या वर्षी आम्ही दोघं सहा महिने मुलाकडे राहिलो होतो. नातू तेव्हा आठ वर्षांचा. मार्चच्या शेवटी निन्टेन्डोचा थ्रीडीएस अमेरिकेत आला. हातात धरून खेळायचा, चष्मा न लावता चित्राला खोली दाखवणारा. किंमत अडीचशे डॉलरला एक सेंट कमी. शेजारच्या मित्राला लगेच मिळाला. मुलगा नातवालाही घेऊन देणार होता, आडवा आलो मी. म्हटलं, "थांब, स्वस्त होईल."

आणि झाला की! ऑगस्टमध्ये तोच १७० डॉलरला. एप्रिल ते जून या तिमाहीत जगभरात जेमतेम ७ लाख १० हजार नग खपले होते, म्हणून कंपनीने पाच महिन्यांतच भाव पाडला. अध्यक्ष इवाता यांनी स्वतःचा पगार निम्म्यावर आणला. आधी घेतलेल्यांना समजूत म्हणून वीस जुने खेळ फुकट दिले. मी मात्र घरभर मिरवत होतो, ऐंशी डॉलर वाचवले म्हणून.

आठवडाभर नवलाई टिकली. मग तो डबा टेबलाच्या खणात गेला. विचारलं तर म्हणाला, "याच्यावर मला हवा तो खेळ अजून आलाच नाही. आणि खेळू कोणाशी?" शेजारचा मित्र जुलैमध्येच टेक्सासला राहायला गेला होता.

बी.ए.ला अर्थशास्त्राच्या पेपरात 'पूरक वस्तू' पाठ केल्या होत्या. पेन आणि शाई. शाई मिळत नसेल तर पेन कितीही स्वस्त करा, कोण घेणार? नातवाच्या त्या खणाने मला तो धडा साठीत समजावला. डिसेंबरात मारिओच्या गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आला तेव्हा थ्रीडीएस खणातून बाहेर आला. आम्ही तोवर परत आलो होतो, फोनवर नुसता आरडाओरडा ऐकू यायचा. मार्च २०१२ पर्यंतच्या वर्षभरात थ्रीडीएस १ कोटी ३५ लाख खपला. भाव उतरल्याने दार उघडलं हे खरं, पण माणसं आत आली ती खेळांसाठी.

नुसत्या भावाने भागत नाही, हे त्याच कंपनीच्या वी यूवरून दिसतं. २०१३ मध्ये त्याची किंमत ५० डॉलरने उतरवली, तरी शेवटपर्यंत सगळे मिळून १ कोटी ३६ लाखांच्या आसपासच खपले.

जोडसाहित्याचंही तसंच. मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये हातापायांच्या हालचाली टिपणारा किनेक्ट काढला. ज्यांच्याकडे एक्सबॉक्स होता त्यांनी हौसेने घेतला, साठ दिवसांत ८० लाख गेले. मग २०१३ च्या नव्या एक्सबॉक्सबरोबर तो सक्तीने गळ्यात मारला आणि किंमत झाली ५०० डॉलर. पुढच्या जूनमध्ये किनेक्ट वगळून ४०० ला दिला, तर कंपनीच्याच सांगण्यानुसार अमेरिकेतली विक्री मेच्या दुपटीहून जास्त झाली. म्हणजे जोड हवी तर लोक आपणहून घेतात, लादली तर तेच ओझं.

आता तर माझं वाक्यच मोडीत निघालंय. २०२५ मध्ये अमेरिकेत कन्सोलचे भाव उलटे चढले. प्लेस्टेशन ५ ऑगस्टमध्ये ५० डॉलरने महागला. २०१७ साली आलेला निन्टेन्डोचा स्विचसुद्धा त्याच महिन्यात वाढला, आठ वर्षांनी!

नातवाला एवढं सगळं कुठे सांगत बसू? विचारलं, "तुला हवा तो खेळ आलाय का?"

"आलाय."

"आणि खेळायला कोण आहे?"

"खोलीतले दोघं मित्र आहेत ना. पण वर्षभरात आम्ही तिघं तीन गावांना जाऊ."

म्हटलं, "मग बाबा, आजच घे."

पलीकडे क्षणभर शांतता. मग हसून म्हणाला, "आजोबा, तब्येत बरी आहे ना?"

ही शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाली, "हे शहाणपण मिक्सरच्या वेळी कुठे होतं?"

याला उत्तर नाही. २०११ चा तो उन्हाळा ऐंशी डॉलर देऊन परत मिळणार नाही, तसंच हिच्या त्या दोन वर्षांचंही.