पाठपोट छपाई आणि मधला वेळ

कागदाच्या दोन्ही बाजूंवर मजकूर उमटवण्याला मुद्रणव्यवहारात पाठपोट छपाई म्हणतात, आणि या कामातल्या बहुतेक चुका पाठीवर किंवा पोटावर होत नसून, पोट छापून झाल्यापासून पाठ छापली जाईपर्यंत जो वेळ जातो त्या वेळात होतात. आजच्या यंत्रात हा वेळ काही क्षणांचा असतो, हातछापखान्यात तो तासांचा असे. पण तेवढ्यात कागद तापतो, वाळतो, वळतो, कधी कुणाच्या तरी हातून फिरतो, आणि पाठ छापायला निघालेल्या यंत्राला पोटावर काय झाले याची काहीच कल्पना नसते. जुन्या प्रिंटरची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः या मधल्या वेळाची निगा होय.

हा वेळ अजिबात शिल्लक राहू नये अशी तजवीज ज्या छपाईत करावी लागते तिचे एक मोठे ठिकाण नाशिकरोडला आहे. तेथे १९२५ मध्ये भारत प्रतिभूती मुद्रणालय सुरू झाले आणि १९२८ पासून पाच रुपयांच्या नोटेने देशातच चलनी नोटा छापण्यास आरंभ झाला; १९३२ पर्यंत सर्व मूल्यांच्या नोटा नाशिकमध्ये निघू लागल्या होत्या. त्यापूर्वी नोटा इंग्लंडहून छापून येत, आणि १८६७ पासूनच्या मालिकेतल्या नोटा तर चक्क पाठकोऱ्या असत. १९२३ मध्ये राजाचे चित्र असलेली मालिका येईपर्यंत मोठ्या मूल्याची नोट उलटून पाहण्यासारखे काही नसे, आणि तिची खातरी पटवण्याचे बरेचसे काम कागदातल्या जलचिन्हावर सोपवलेले असे. पाठ छापली जाऊ लागली तेव्हा पाठ आणि पोट यांची जुळणी हीच एक नवी खूण होऊ शकते, हे छपाई करणाऱ्यांच्या ध्यानात आले. १९९६ पासूनच्या महात्मा गांधी मालिकेत अशी खूण आहे. एक लहान आकृती अर्धी एका बाजूला आणि अर्धी दुसऱ्या बाजूला छापलेली असते, आणि नोट उजेडासमोर धरली की दोन्ही अर्धुके मिळून ती आकृती पूर्ण दिसते. नंतरच्या नोटांत याच जागी मूल्याचा अंक आला. ही जुळणी केसाएवढीही हलू नये म्हणून नोटांच्या छपाईत सिमल्टन नावाचे ऑफसेट यंत्र जगभर वापरले जाते. रबराचे आवरण असलेले दोन मोठे रोलर समोरासमोर फिरत असतात आणि त्यांच्यामधून कागद जाताना दोन्ही बाजूंची शाई एकाच क्षणी लागते. कागदाला सुकायला, आकसायला किंवा सरकायला वेळच मिळत नसल्याने एक बाजू दुसरीच्या मानाने ढळण्याचा प्रश्न तेथे जवळजवळ उरत नाही.

हातछापखान्यात ही सोय नव्हती. तेथे कागद आधी ओलसर करून घेत, एक बाजू छापून गठ्ठा बाजूला ठेवत आणि मग तोच कागद उलटून पुन्हा यंत्रावर चढवत. पहिल्या छपाईच्या वेळी चौकटीतल्या दोन सुया कागदाला भोके पाडत, आणि दुसऱ्या छपाईला तीच भोके त्याच सुयांवर बसवली की मागची ओळ पुढच्या ओळीच्या पाठीशी नेमकी येई. मधल्या वेळात कागद वाळून तसूभर आकसला तरी भोके खोटे बोलत नसत. घरगुती प्रिंटरमध्ये अशी सुई नसते, आणि त्याच्या पुष्कळशा व्याधींचे मूळ येथेच आहे.

पाठ कोणत्या अंगाने उलटायची, हा याहून जुना प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वाचणाऱ्याच्या हातात असते. पुस्तकाचे पान डाव्या कडेवर फिरते. पोथीचे पान मात्र आडवे व सुटे असते आणि वाचून झाले की ते लांब कडेवरून पलीकडे उलटून ठेवतात, म्हणून पोथीच्या पाठीवरचा मजकूर पुस्तकाच्या रीतीने पाहिला तर उभा उलटा दिसतो. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेसवर मुद्रक गणपत कृष्णाजींनी आणि पुढे खिळ्यांच्या छपाईत निर्णयसागर छापखान्याने सुट्या पानांच्या पोथ्या छापल्या तेव्हा हस्तलिखिताची हीच रीत पाळली, कारण पंचवटीतला किंवा त्र्यंबकेश्वरचा पुरोहित अनुष्ठान चालू असताना पान फिरवण्याची सवय बदलणार नव्हता. प्रिंटरच्या खिडकीत आज ‘लाँग एज’ आणि ‘शॉर्ट एज’, म्हणजे लांब कडा आणि आखूड कडा, असे दोन पर्याय येतात, आणि गोंधळ होतो तो तेच नाव दोन तऱ्हांनी वागते म्हणून. उभ्या मजकुराला लांब कडा निवडली की पुस्तक होते. तीच कडा आडव्या मजकुराला निवडली की पोथी होते. पाठ उलटी छापली गेल्याची जी तक्रार दुरुस्तीच्या दुकानात सर्वांत आधी येते, तिच्यात अनेकदा यंत्र निर्दोष असते आणि मजकूर उभा की आडवा हे ठरवल्यावर कडा बदलायची राहून गेलेली असते.

खरा बिघाड समजून घ्यायचा तर कागद कोणत्या वाटेने जातो ते पाहावे लागते. टेबलावर मावणाऱ्या लेझर प्रिंटरमध्ये पाठपोट छपाई १९८८ च्या एचपी लेझरजेट टू-डी पासून आली, आणि तिची युक्ती आजही बहुधा तीच आहे. पोट छापलेला कागद बाहेर पडू लागतो, त्याची शेपटी बाहेरच्या रोलरच्या तोंडात असतानाच रोलर उलटे फिरतात, एक लहान झडप त्याला मागच्या किंवा खालच्या वाटेला लावते, आणि कागद पालथा होऊन पुन्हा आरंभी पोहोचतो. या वाटेवर वय झालेल्या यंत्रात तीन जागा दगा देतात. रोलरचे रबर गुळगुळीत होऊन निसटू लागते. झडप हलवणाऱ्या विद्युतचुंबकावरचा फोमचा तुकडा वर्षांनी चिकट होतो आणि झडप क्षणभर उशिरा सुटते. आणि कागद आला की नाही हे सांगणाऱ्या संवेदकाची लहानशी दांडी धुळीने अडखळते. पहिल्याला किंचित ओलसर, धागे न सुटणारे फडके पुरते, नाहीतर रोलर बदलावा. दुसऱ्याला चिकट फोम काढून तेथे पातळ नवी पट्टी लावावी. तिसऱ्याला फुंकणीची हवा बहुधा पुरेशी असते. मागचे दार नीट बंद नसेल तर अनेक यंत्रे पाठपोट छपाई मुकाट्याने थांबवतात, आणि संगणकातल्या सेटिंगमध्ये दुहेरी छपाईची जोडणी ‘बसवलेली नाही’ अशी नोंद राहिली असेल तरीही तेच होते. स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी या दोन गोष्टी पाहणे शहाणपणाचे.

पण सर्वांत हट्टी अडचण उष्णतेची आहे. लेझर प्रिंटरची शाई ही भुकटी असते, टोनर, आणि ती कागदावर पक्की करण्यासाठी फ्यूजर नावाचा भाग सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. कोऱ्या कागदात साधारण चार ते सहा टक्के ओलावा असतो. पहिल्या फेरीत त्यातला बराच उडून जातो, कागद किंचित आकसतो आणि भाजलेल्या पापडासारखा एका बाजूला वळतो. दुसऱ्या फेरीला ही वळलेली कडा रोलरच्या तोंडात तिरकी शिरते, म्हणून पाठीचा मजकूर दोन-तीन मिलिमीटर खाली-वर किंवा तिरपा येतो, नाहीतर कागद मध्येच अडकतो. नाशिकचा पावसाळा यात भर घालतो. आषाढ-श्रावणात गोदावरी चढते आणि रामकुंडाजवळचा दुतोंड्या मारुती किती बुडाला यावर शहर पुराची उंची सांगते (पुढे-मागे दोन्हीकडे पाहणारी ही मूर्ती पाठपोट छपाईचे दैवत व्हायला हरकत नव्हती), तेव्हा उघडे ठेवलेले रीम हवेतले पाणी पीत असते. असा कागद फ्यूजरमध्ये अधिक वाफ सोडतो, अधिक वळतो आणि पाठीवर टोनर फिका लागतो. उपाय साधे आहेत. रीम प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावे, लागेल तेवढाच कागद काढावा, फार पातळ कागद टाळावा, सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार हलका निवडून उष्णता कमी करावी.

ज्या यंत्रात कागद आपोआप उलटत नाही तेथे मधला वेळ माणसाच्या हातात येतो. एचपी लेझरजेट १०२० किंवा कॅनन एलबीपी २९०० ही यंत्रे झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलांवर वर्षानुवर्षे चालली, आणि दोन्हींत पाठ छापायची तर गठ्ठा हाताने फिरवून पुन्हा ठेवावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंना छापण्याची पद्धत स्वीकारल्यावर वकिलांच्या कारकुनांनाही या कामाची गरज अधिक भासू लागली. त्यात भर म्हणजे टॅग ओवायचा समास पोटावर डावीकडे असेल तर पाठीवर तो उजवीकडे हवा, नाहीतर ओळींचा शेवट दोऱ्याखाली जातो. येथे अनुमानापेक्षा पेन्सिल बरी. कोऱ्या कागदाच्या वरच्या कोपऱ्यात फुली मारून तो ट्रेमध्ये ठेवावा, एक पान छापून फुली कोणत्या बाजूला आणि कोणत्या कोपऱ्यात आली ते पाहावे, आणि ती नोंद ट्रेवरच चिकटवून ठेवावी, कारण प्रत्येक यंत्राची दिशा वेगळी असते. मग आधी विषम पाने काढावीत, गठ्ठा निवू द्यावा, कागद फणीसारखे सुटे करून वळलेली बाजू दाबून सरळ करावी आणि मगच सम पाने छापायला लावावीत. गठ्ठा छापून पालथा पडतो की उताणा, यावर सम पाने पुढून छापायची की उलट क्रमाने हे ठरते. उलट क्रमाने छापायची असतील आणि एकूण पाने विषम असतील, तर शेवटचा कागद गठ्ठ्यातून आधी काढून घ्यावा लागतो, नाहीतर शेवटचे सम पान त्याच्याच पाठीवर छापले जाते आणि त्यामागची सगळी पाने एकेकाने सरकतात. तो कागद पाठकोराच संचाच्या शेवटी लावायचा असतो.