हत्तीच्या दोन उड्या

"ताई, तुमच्याकडे नुसते खेळच घेतात का हो?" बालवाडीत प्रवेशासाठी आलेले पालक हे विचारताना जरा ओशाळतात, पण विचारतातच. शेजारचं चार वर्षांचं पोर वहीची पानंच्या पानं गिरवताना त्यांनी पाहिलेलं असतं.

आमच्या अंगणात खडूनं घरं आखलेली असतात. शब्दात जितकी अक्षरं, तितकी घरं उड्या मारत पुढं जायचं. आधी मी विचारते, हत्ती पुढं जाईल की मुंगी? सगळी एका सुरात ओरडतात, हत्ती! एवढं मोठं जनावर, त्याचं नावही मोठंच असणार. मग ह-त्ती, दोन उड्या. मुं-गी, दोनच. पोरं चक्रावतात. कुणी हत्तीला परत उड्या मारायला लावतं. आणि इवलंसं फुलपाखरू पाच घरं ओलांडून दोघांच्या पुढं! मोठ्या वस्तूचं नावही मोठंच, हा लहान मुलांचा समज एमिलिया फेरेरो या अर्जेंटिनाच्या संशोधिकेनंही नोंदवला आहे. नाव म्हणजे वस्तू नव्हे, नाव आवाजांचं बनलेलं असतं, हे उमगल्याशिवाय गिरवलेली अक्षरं म्हणजे नुसती नक्षी.

फुलपाखरावरून मात्र हमखास भांडण होतं. कुणीतरी फुल-पाख-रू असं म्हणत तिसऱ्याच घरात थांबतं. त्याचं काय चुकलं? बोलताना आपण 'ल' आणि 'ख'मधला 'अ' गिळून टाकतो, लिहिताना मात्र दोघांनाही पुरं घर द्यावं लागतं. वाचायला शिकताना पुढं हीच गाठ सोडवायची असते. ती फळ्यावर समजावून सुटत नाही. भांडून सुटते.

भातुकलीत करवंटीचं पातेलं होतं, पिंपळपानाची पोळी होते. काठीचा घोडा करणारं मूल एका गोष्टीला दुसरीच्या जागी उभं करतं आणि लेखनाचा उगम तिथंच आहे, असं रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की मांडून गेले. दुकान-दुकान खेळताना एखादी मुलगी नागमोडी रेघांची यादी देते, दुकानदार ती गंभीरपणे 'वाचतो'. अशा वेळी मी बहुतेकदा काहीच करत नाही, आणि या कामात तेच सगळ्यांत अवघड. एखाद्या दिवशी दुकानदार अडून बसतो, "यात साखर कुठंय?" तेव्हा मी खडू पुढं करते. त्या घडीला 'सा' त्यांना हवा असतो.

यात माझं नवं काही नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीत आणि पुढं कोसबाडला आदिवासी मुलांसाठी शिंपले, बिया, पानं हीच साधनं केली. आज दारावर 'प्ले-वे'ची रंगीत पाटी आणि आत बाकावर बसवून गिरवणं, असं पाहिलं की चीड येते. मनगटाची आठ हाडं जन्मतः बहुधा कूर्चेचीच असतात, त्यांचं हाड व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. त्या हाताला आधी माती मळू द्या, चिंचोके वेचू द्या.

न्यूझीलंडमध्ये सुगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचायला शिकलेली आणि सातव्या वर्षी शिकलेली मुलं ताडून पाहिली. अकराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्या वाचनात फरक उरला नव्हता. मी तो निष्कर्ष जसाच्या तसा उचलत नाही. आमच्या वस्तीतल्या कितीतरी घरांत कॅलेंडरखेरीज छापील कागद नसतो. तिथं 'सात वर्षांपर्यंत नुसतं खेळू दे' म्हणणं ही चैन झाली. म्हणून पुस्तकं खेळातच पडलेली असतात, त्यांची पानं फाटतात, आणि गोष्ट रोज मोठ्यानं वाचली जाते.

आणि ज्याला आपणहून वाचता येतं, त्याला अडवायचं कशाला? एसटीच्या पाट्या बघत एक पठ्ठ्या चौथ्या वर्षीच वाचू लागला. पोरांनी त्याला दुकानातल्या याद्या वाचायचं काम दिलं. तो ते इमानानं करतो, फक्त प्रत्येक यादीत स्वतःसाठी एक बिस्किटाचा पुडा जास्तीचा वाचतो.