उलट टपाली

परवा माझ्या नातीने मला एक मौज दाखवली. संगणकावर मी वर्तमानपत्राचे एक पान उघडले होते. तिने कसलीशी कळ दाबली आणि त्या पानामागचा सारा पत्रव्यवहार माझ्यापुढे मांडला. एका पानासाठी केवढी ही मागणीपत्रे! मजकूर वेगळा मागायचा, प्रत्येक चित्र वेगळे मागायचे आणि प्रत्येक मागणीपुढे उत्तराचा एक आकडा.

मी उभी हयात कचेरीत आवक-जावक बारनिशी सांभाळली. त्यामुळे हा कारभार मला चटकन आपलासा वाटला. ब्राउझर मागणार, सर्व्हर देणार. आधी नावावरून आकड्यांतला पत्ता शोधायचा. मग दोघांनी एकमेकांची चाहूल घ्यायची. "ऐकू येते का?" "येते. माझे तुम्हाला येते का?" "येते." एवढे झाल्यावरच कामाचे बोलणे. मजकूर तुकड्यातुकड्यांनी निघतो आणि ज्याची पोच आली नाही तो तुकडा पुन्हा रवाना होतो.

१९९१ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी या मागणीला जे पहिले रूप दिले, त्यात मागणी अवघ्या एका ओळीची होती : 'गेट' आणि पुढे पानाचा पत्ता. १९९६ च्या नियमावलीत उत्तरांचे आकडेही नोंदलेले आहेत. २०० म्हणजे 'हे घ्या'. ३०१ म्हणजे 'बिऱ्हाड हलले, नवा पत्ता असा'. ४०४ म्हणजे 'येथे सापडत नाही'. पुढच्याच वर्षी ४१० ची भर पडली : 'होते, पण आता कायमचे गेले'. नकाराच्या किती या नेमक्या तऱ्हा! आणि नकार असला तरी तो कळवायचा, ही त्यातली रीत.

"आणि उत्तरच आले नाही तर?" मी नातीला विचारले.

"मग ब्राउझर थोडा वेळ थांबतो, आजोबा, आणि नाद सोडतो."

ती सहज बोलून गेली. मला मात्र आमचे दादा आठवले. गावच्या घराच्या वाटणीवरून आमचे बिनसले, त्याला नऊ वर्षे झाली. त्यानंतर त्यांचे एकच कार्ड आले. 'दिवाळीला येणार आहेस का, तेवढे कळव.' रागाच्या भरात मी ते कपाटात टाकले. राग यथावकाश ओसरला, पण मग इतक्या उशिरा काय लिहायचे, या संकोचाने हात धरला. ज्या माणसाने हजारो परक्या पत्रांची पोच वेळच्या वेळी दिली, त्याच्या जावक वहीत सख्ख्या भावाचे नाव नाही! 'येतो' म्हणता आले नसते, तर 'येत नाही' म्हणायचे होते. नकारावर माणूस निदान चार शब्द भांडू शकतो. मौनाशी भांडायचे कसे?

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टकार्ड घेऊन बसलो. 'तीर्थरूप दादांस, शिरसाष्टांग नमस्कार,' एवढे लिहायलाच अर्धा तास लागला. पुढे एकच ओळ लिहिली : 'यंदा येऊ का?'

ब्राउझरने किती वेळ वाट पाहायची, हे आधीच ठरलेले असते. दादांनी स्वतःला किती मुदत घातली होती, ते मला ठाऊक नाही. कार्ड पेटीत टाकले आहे. आता काय ते उलट टपाली कळेल.