करडा हत्ती आणि काठीची होळी

मुलांच्या पुस्तकांच्या शेवटी तात्पर्य छापण्याचा जो रिवाज आपल्याकडे चालत आला आहे, तो मला कधीच रुचला नाही. म्हणूनच की काय, डेव्हिड मॅकी या इंग्रज चित्रकाराचे, १९६८ साली प्रथम प्रसिद्ध झालेले 'एल्मर' हे विनोदी चित्रपुस्तक नातीला वाचून दाखवताना त्यातील एका पानावर माझे मन जे अडले, ते अद्याप सुटलेले नाही. गोधडीसारख्या रंगीबेरंगी ठिगळांचा हा हत्ती आपल्या वेगळेपणाला कंटाळून, कळप निद्राधीन असता, पहाटे निघून जातो, हत्तीच्याच रंगाच्या फळांवर लोळतो आणि चारचौघांसारखा करडा होऊन परततो. जाताना ज्या प्राण्यांनी त्याला नावाने हाक मारून अभिवादन केले होते, तेच प्राणी परतीच्या वाटेवर त्याला नुसते 'हत्ती' म्हणतात. चारचौघांत मिसळण्याची किंमत म्हणून त्याने स्वतःचे नाव मोजले, आणि ग्रंथकर्त्याने त्यावर चकार शब्द काढलेला नाही!

पंचतंत्रातला कोल्हा निळीच्या रांजणात पडून राजा झाला आणि जातभाईंची कोल्हेकुई कानी पडताच न राहवून ओरडला, तो प्राणास मुकला. एल्मरलाही त्याचा आवाजच उघडा पाडतो: गंभीर मुद्रेने उभ्या असलेल्या कळपात तो मोठ्याने 'भो' करतो, हत्ती दचकतात, मग पोट धरधरून हसतात, आणि पावसाची सर येऊन करडा रंग धुऊन नेते. कोल्ह्याने अधिकार बळकावला होता, तेव्हा त्याचे शासन मला मान्य आहे. परंतु संकोचाने आपला रंग झाकणाऱ्या पोराला शासन कशाचे? त्याला हशाच हवा, आणि तोही त्याला सामावून घेणारा.

पुढे कळप ठराव करतो की वर्षातून एक दिवस सर्वांनी अंग रंगवावे आणि एल्मरने मात्र करडे व्हावे. हे वाचताना मला नंदुरबार जिल्ह्यातील काठीच्या राजवाडी होळीचे स्मरण झाले. अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे जुन्या पश्चिम खानदेशातील मेवासी संस्थान. संस्थाने खालसा झाली, पण तिथला दरबारी मान होळीने राखला आहे. उंच बांबू उभारला जातो, रात्रभर ढोल घुमतो आणि पहाटे होळी पेटते. नवस फेडणारे बुध्या उघड्या अंगावर पांढरे ठिपके आणि रेघा काढतात, डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा व मोरपिसांचा टोप चढवतात, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधतात, आणि पाऊल पडताच भोपळ्यांचा पोकळ खडखडाट व घुंगरांची किणकिण एकदम उठते. या सोंगामागे व्रत असते: नवसाच्या दिवसांत खाटेवर निजायचे नाही, पायांत वहाण घालायची नाही. एकेक ठिपका ज्या सावकाशीने दिला जातो, ती सावकाशी मी फार थोड्या देवघरांत पाहिली आहे. आणि एवढे रंगूनही कोणी झाकला जात नाही. हा कोणत्या पाड्याचा, कोणाचा मुलगा, हे पाहणाऱ्या म्हातारीला चालीवरून उमगते.

काठी ज्या सातपुड्यात आहे, तेथील कित्येक कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली असतात आणि होळीसाठी घरी परततात. मुकादमाच्या वहीत नवराबायकोच्या जोडीची नोंद 'एक कोयता' अशी होते, आणि उचलीचा सारा हिशेब त्या कोयत्याच्या नावे चालतो. आपण आहोत तसे चांगले, हे मुलांना अवश्य सांगावे, हसत-खेळत सांगावे. पण ज्या पोराचे आईबाप सहा महिने कोयता म्हणून मोजले जातात, त्याला ते सांगण्याचा अधिकार हवा असेल, तर त्या वहीत आधी दोन माणसांची दोन नावे लिहिली गेली पाहिजेत.