मोरजीला खोली घेऊ नकोस

हेडलँड सडा, मुरगाव
३ ऑगस्ट २०२५

चि. बाबू,

बुधवारी तुझा फोन आला तेव्हा मी दामोदराच्या देवळाकडच्या रांगेत उभी होते. सप्ताहाचा दिवस, आत भजनाचे टाळ, बाहेर फेरीतल्या दुकानांपुढे पोरांच्या पिपाण्या, त्यामुळे तुझं निम्मं बोलणं कानापर्यंत पोचलंच नाही. जे पोचलं ते मात्र चार दिवस डोक्यातून जात नाही. ‘आते, यंदा चवथीला आम्ही मोरजीला खोली घेतो. सकाळी घरी येतो, आरती, जेवण सगळं करतो, आणि काळोख पडायच्या आत पोरांना घेऊन परत जातो.’ आणि वर विचारलंस, घरात कमोड बसवला का.

बसवला. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. मे महिन्यात मागच्या पडवीचा कोपरा काढून तिथे न्हाणीघर केलं, गिझर लावला, पोरं घसरू नयेत म्हणून खरखरीत फरशी घातली. विहिरीवर लोखंडी जाळी आली, तिला कुलूप आहे आणि किल्ली माझ्या कमरेला असते. तीन मच्छरदाण्या नव्या आणल्या. झालं उत्तर. पण एवढ्याने माझं मन भरत नाही, म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर मला रडू आलं असतं, आणि तू ‘बरं बरं, बघू’ म्हणून ठेवून दिला असतास.

मोरजीला खोली, बाबू? पार्सेच्या आपल्या घरापासून मोरजी ती किती लांब? तुझे आजोबा चालत जाऊन बांगडे घेऊन येत. ज्याचं पेडण्यात कुणी नाही त्याने मोरजीला जरूर खोली घ्यावी, समुद्र बघावा, सुखाने परत जावं. पण तुझ्या पोरांच्या पणजोबांनी ज्या उंबऱ्यावर अंग टेकलं, तिथून पंधरा-वीस मिनिटांवर त्यांनी पाहुण्यांसारखं भाड्याच्या खोलीत निजायचं, हे मला सोसत नाही.

माझं एक म्हणणं तू लहानपणापासून ऐकत आलायस, तरी पुन्हा ऐक. मूल घराचं होतं ते त्या घरात निजल्यावर. दिवसा तुझी पोरं येतील, पाया पडतील, नेवरी खातील, अंगणात दोन फोटो निघतील. तेवढं तर शेजाऱ्यांची पोरंही करतात. घर ओळखीचं होतं रात्री. कौलांवर पाऊस कसा वाजतो, पहाटे कुठल्या खोलीतून खोकला येतो, मधेच जाग आली तर हात कुणाला लागतो, हे ज्याला कळलं त्याला ते घर पुढे सत्तर वर्षं पुरतं. मला पुरलं आहे.

तुझंच सांगते. तू नऊ वर्षांचा होतास. घराच्या मधल्या चौकीत भिंतीपासून दारापर्यंत चटया, त्यांवर वाकळी, आणि तुम्ही अकरा पोरं ओळीने. कोण कुणाशेजारी यावरून आधी अर्धा तास रडारड. समोर गणपती, समई रात्रभर विझू द्यायची नाही, म्हणून तेल घालायच्या पाळ्या लावलेल्या. त्या वर्षी पहिल्यांदा तुला पाळी मिळाली. वीज गेलेली होती. तू गुडघ्यांवर बसून, श्वास धरून, दोन्ही हातांनी तेलाचं भांडं वाकवलंस आणि एक थेंब पाटावर सांडला. तू इकडेतिकडे बघितलंस, सदऱ्याच्या टोकाने तो पुसलास आणि गुपचूप वाकळीत शिरलास. सकाळी कुणाला काही बोलला नाहीस. मला ठाऊक होतं, कारण मी जागी होते. गणपतीवर टांगलेल्या माटोळीची सावली वर वाशांवर हलत होती आणि मला तेव्हा वाटलं, आता हा मुलगा कुठेही गेला तरी चवथीला येईल. बत्तीस वर्षं मी त्या एका थेंबाच्या भरवशावर आहे.

सूनबाईचं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. हे तिला वाचून दाखव. दोन वर्षांपूर्वी धाकटी जेमतेम तीन महिन्यांची होती. तिला या हातातून त्या हातात फिरवली, मूल झोपलं की कुणीतरी ‘बघू बघू’ म्हणून उठवायचं, रात्री अंगणात फटाके लावले ते नेमके तिच्या खिडकीखाली. आणि ओल्या बाळंतिणीच्या पुढ्यात आम्ही नेवऱ्यांची परात ठेवली. ‘बसल्या बसल्या मुरड घाल’ असं मीच म्हणाले. ती काही बोलली नाही, मुरड घालत राहिली. ती चूक आमची होती, माझी जास्त. यंदा मी सगळ्यांना बसवून सांगितलं आहे. नारळ पुरुष किसतील. खतखत्याच्या भाज्या पुरुष चिरतील, किती चिरायच्या असतात ते त्यांनाही कळू दे. दोन लहान पोरांच्या आईने चुलीपाशी यायचं ते तिला वाटलं तर. फटाके देवळाकडच्या माळावर, रात्री नऊच्या आत. उत्तरेकडची खोली तुम्हा चौघांची, आतून कडी लागते. काकाने तोंड वाकडं केलं, ते मी पाहून घेतलं.

अडचणीचं म्हणशील, तर अडचण कशाला म्हणतात ते तू दोन वर्षांचा असताना बघितलं आहेस, तुला आठवायचं नाही. १९८६ साल. जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला आणि दोन महिन्यांत चवथ आली. सगळं वास्को, सगळी पणजी आपापल्या गावाला निघालेली, आणि पलीकडे जायला पणजी-बेती फेरीबोट. जुवारीचा पूल तीन वर्षांपूर्वी झाला होता म्हणून त्या एका नदीचा त्रास तरी नव्हता. त्याआधी कुठ्ठाळी-आगशीलाही आम्ही असेच ताटकळायचो. भाऊच्या खांद्यावर तू, वहिनीच्या डोक्यावर बोचकं, माझ्या हातात पिशवीभर सामान आणि काखेत तुझ्या दुधाची बाटली. दोन तास रांगेत, वरून पाऊस. फेरीबोटीत शिरताना धक्का बसला आणि बाटली खाली पडून फुटली. तू असा टाहो फोडलास की नाव हाकणारा वळून बघू लागला. तेव्हा गर्दीतल्या एका अनोळखी बाईने आपल्या पोराच्या तांब्यातलं अर्धं दूध तुझ्यासाठी ओतून दिलं. कुठली, कुणाची, नाव विचारायचं राहून गेलं. तीही गावालाच निघालेली. म्हापशाला बस मिळेपर्यंत दिवेलागण झाली होती. घरी पोचलो तेव्हा आई दारात कंदील घेऊन उभी. त्या रात्री तू चौकीत निजलास तो सकाळी नऊपर्यंत उठला नाहीस.

आता मोपाचा विमानतळ आपल्या पेडण्यातच आला. पुण्याहून निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला घरी पोचतो. वाट सोपी झाली तशी माणसं रात्रीची थांबेनाशी झाली, हे मला काही केल्या समजत नाही. मुंबईचे चाकरमानी अजून जादा गाड्यांच्या डब्यात पोरांना मांडीवर घेऊन येतात. चवथीला इथे वास्कोत ये आणि बघ, अर्धा बाजार कुलपात. आमच्या इमारतीच्या बारा बिऱ्हाडांतली आठ गावाला जातात, पेडणे, डिचोली, सत्तरी.

आणि या जाण्यामागे काय काय आहे ते तुझ्या मोठ्याला कुणीतरी सांगायला हवं. मी ज्या मुरगावात बसून हे लिहिते तो पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादीतला. सोळाव्या शतकात त्यांनी इथली देवळं पाडली, घरात मूर्ती ठेवायची चोरी झाली. ज्यांना जमलं त्यांनी देव उचलून नदीपलीकडे नेले. जे राहिले त्यांच्यातल्या काही घरांनी कागदावरचा गणपती पूजला, तो रिवाज त्यांच्याकडे अजून आहे. आपल्या आजोळच्या नार्व्याचा सप्तकोटेश्वर मूळचा दिवाडीचा. तोही असाच नदी ओलांडून डिचोलीत आला, आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी त्याचं देऊळ पुन्हा बांधून घेतलं. मी त्या देवळाच्या पायरीवर बसते तेव्हा मला महाराजांच्या आधी त्या होड्या आठवतात. काळोखात नदी ओलांडणारी माणसं, आणि त्यांच्यात तान्ही पोरं असणारच. रडू नये म्हणून त्यांच्या तोंडावर आयांनी हात ठेवले असतील. एवढं करून राखलेली चवथ आपण सकाळी दहा ते संध्याकाळी सहा करायची?

नार्व्याचा विषय निघाला म्हणून. मे महिन्यात तुम्ही पोरांना थंड हवेच्या गावी नेता, न्या. पण एकदा आठ दिवस नार्व्याला सोडा. मामीच्या खळ्यात फणसाची साठां वाळत असतात, कावळे राखायला पोरं लागतात. आम्ही उन्हात काठी घेऊन बसायचो आणि कडेकडेने साठ खाऊन कावळ्यावर घालायचो. काजूचा ताजा निरो प्यायचो, सदऱ्यावर त्याचे डाग पडायचे ते कधी गेले नाहीत. शेजारच्या मांडवीतून खनिजाने भरलेल्या बार्जी खाली आमच्या मुरगाव बंदराकडे जायच्या आणि आम्ही काठावरून ओरडायचो, ‘आमच्या बाबांना सांगा, आम्ही बरे आहोत!’ बाबा तेव्हा धक्क्यावर कामाला. खलाशी हात हलवायचे. बाबांना निरोप पोचतो याची मला आठव्या वर्षापर्यंत खात्री होती.

मूळ मुद्दा राहिला. बुधवारी, २७ तारखेला चवथ. तुम्ही मंगळवारी, चवथीच्या आदल्या तयेला दुपारपर्यंत पोचा. कारण माटोळी तयेला बांधतात, आणि पोरांचा खरा दिवस तोच. मोठा सहा वर्षांचा झाला, आता त्याला काम देता येईल. कुमयाच्या सालीचे दोर भिजवून एकेक हातात द्यायचे, एवढंच काम, पण शिडीवरचा माणूस त्याच्यावाचून अडतो. आंब्याचे टाळे, सुपारीचे शिंपुटे, नारळाची पेंड, तोरिंजन, निरफणस, आंबाडे, कांगण्या, रानातली माट्टीची फळं. दरेक वस्तूचं नाव घेऊन ती वर द्यायची अशी आपल्याकडे पद्धत आहे, बाबांनी घातलेली. तुला त्यातली किती नावं येतात? खरं सांग. तुझ्या वयाच्या पोरांना वीस येत नाहीत आणि तुझ्या पोरांना पाचही यायची नाहीत, ही मला रात्री झोप न येण्याइतकी काळजी आहे. नाव गेलं की पुढच्या वर्षी ती वस्तू रानातून आणायला कोण जाणार?

आणि दुसरी काळजी, जी मी फोनवर बोलत नाही. वरच्या वाड्यावरच्या दोन घरांना आता वर्षभर कुलूप असतं. विमानतळ झाल्यापासून जमिनीच्या चौकशा करणारी माणसं महिन्यातून दोनदा तरी येतात, गोड बोलतात, अंगणात उभं राहून घराचे फोटो काढतात. भाऊ असता तर त्याने त्यांना फाटकातूनच परत पाठवलं असतं. मी म्हातारी बाई, मी किती दिवस? घराच्या कागदावर उद्या तुझी सही लागणार, परवा तुझ्या मोठ्याची. ज्याने त्या चौकीत एकदाही अंग टाकलं नाही त्याचा हात सही करताना कशाला थांबेल? तू रागावू नकोस. तुला वाईट वाटावं म्हणून लिहिलं नाही, पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.

पाचही रात्री राहा असं मी म्हणत नाही. तुझी रजा, मोठ्याची शाळा, सगळं कळतं. तयेची आणि चवथीची, दोन रात्री द्या. तिसऱ्या दिवशी खुशाल मोरजीला जा, पोरांना वाळूत खेळवा, मी स्वतः डबा बांधून देईन.

येताना धाकटीची रोजची उशी आणि पांघरूण घेऊन या, नव्या जागी मुलं वासाने झोपतात. ती गाईचं दूध पिते की डब्यातलं, ते कळव. वरच्या वाड्यावर अजून एक गाय आहे, त्यांना आधी सांगावं लागतं. तिला पातोळी चालेल, हळदीच्या पानात उकडलेली असते, पोटाला हलकी. नेवरी नको, तळलेली पारी घशात अडकते. पावसाळ्यात अंगणात अनवाणी सोडू नका, दोघांना बंद चपला आणा. मोठा फटाक्यांना घाबरतो हे माझ्या लक्षात आहे, त्याला आरतीत माझ्याजवळ बसवीन. छोटं मातीचं घुमट आणून ठेवलं आहे, हातात काही वाजवायला असलं की भीती वाटत नाही.

त्याला आणखी एक सांग. गेल्या खेपेला माटोळीतल्या घागऱ्यांच्या शेंगा त्याने मागितल्या होत्या, वाजतात म्हणून. मी गडबडीत ‘मागनं देते’ म्हणाले आणि विसर्जनाला सगळं काढलं तेव्हा विसरले. गाडीत बसताना त्याने माझ्याकडे बघितलं, मागितल्या नाहीत. यंदा त्याच्या वाट्याच्या शेंगा मी वेगळ्या काढून, सुकवून, उत्तरेकडच्या खोलीत खिडकीवर ठेवणार आहे.

तुझी,
आते