व्हारचं बिऱ्हाड

घाईत बिऱ्हाड कसं हलवायचं, ते शिरोळ तालुक्यातल्या माणसाला विचारावं. इकडे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर ती ५५ फुटांच्याही वर गेली होती. माझा रूममेट तिकडचाच. लॅबमधल्या सर्व्हरवर डिस्क भरल्याचा मेसेज आला तेव्हा गडी एवढंच म्हणाला, "पाणी चढलं रे!"

चेष्टा ठीक, पण त्या मशीनवर चार ग्रुपच्या प्रोजेक्टचे डेटाबेस होते आणि एक्स्टर्नल परवावर. रूट पार्टिशन २० जीबीचं, गच्च भरलेलं. शेजारी २०० जीबीचं पार्टिशन मोकळंच. 'डीयू' मारून बघितलं, तर सगळी जागा व्हारनं खाल्लेली.

मित्रहो, व्हार म्हणजे लिनक्सच्या घरातली सगळ्यात वर्दळीची खोली. नाव 'व्हेरिएबल'वरून. लॉग, पॅकेजची कॅश, प्रिंटची रांग, मायएसक्यूएलचा डेटा, म्हणजे जे सतत बदलतं ते सगळं इथं. (एटीसी मात्र हलवायच्या भानगडीत पडू नये. कुठलं पार्टिशन कुठं जोडायचं ते सांगणारी एफएसटॅब फाईल त्यातच असते. ट्रंकेची किल्ली ट्रंकेतच!)

"कॉपी मार की मर्दा, त्यात काय!" एकानं सल्ला दिलाच. पण चालू सिस्टिममध्ये व्हार कॉपी करणं म्हणजे पंगत बसलेली असताना पत्रावळ्या उचलणं. डेटाबेसची फाईल अर्धी जुनी, अर्धी नवी अशी कॉपी होणार. शिवाय साध्या कॉपीत फाईलचा मालक बदलतो. मायएसक्यूएलच्या फाईली रूटच्या नावावर गेल्या, तर तो बिचारा स्वतःच्याच घरात शिरू शकत नाही.

सीनियर दादा म्हणाले, "आधी डंप घ्या. मग बोलू." पॅकेजची कॅश साफ करून श्वास घेण्यापुरती जागा केली, चारही डेटाबेसचे डंप पेन ड्राइव्हवर घेतले, ते दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिले. (हे शेवटचं कुणी करत नाही!) मग मशीन रीतसर बंद करून लाइव्ह पेन ड्राइव्हवरून चालू केलं. आता जुन्या व्हारमध्ये लिहिणारं कुणीच जागं नव्हतं.

मोकळ्या पार्टिशनवर ईएक्सटी४ केलं. त्याआधी 'एलएसबीएलके'नं कुठलं पार्टिशन कुठलं ते तिघांनी तीनदा वाचलं, कारण इथं एक अक्षर चुकलं की चारही प्रोजेक्ट पंचगंगेत. मग 'आरसिंक', मालक, परवानग्या, हार्डलिंक सगळं जसंच्या तसं ठेवणाऱ्या ऑप्शनसह. संपल्यावर तेच पुन्हा, यावेळी ड्राय रन आणि चेकसम लावून. फरक शून्य.

रूममेट लगेच जुनं पुसायला निघाला. दादांनी हात धरला, "नाव बदल फक्त." जुन्याचं नाव व्हार-ओल्ड केलं आणि त्या जागी व्हार नावाची रिकामी डिरेक्टरी ठेवली. नवं पार्टिशन थेट जुन्या व्हारवर माउंट केलं असतं तर जुना माल खाली झाकला गेला असता. दिसत नाही, पण जागा अडवून बसतो.

एफएसटॅबमध्ये ओळ लिहिताना पार्टिशनचं एसडीबी-१ छाप नाव न देता यूयूआयडी दिला. नवी डिस्क जोडली की एसडीबीचं एसडीसी होऊ शकतं, यूयूआयडी तोच राहतो. ओळीच्या शेवटी २, म्हणजे तपासणीत रूटनंतर याचा नंबर.

रिबूट केलं. कर्सर लुकलुकत होता तेवढ्यात कुणी बोललं नाही. लॉगिन आलं. 'डीएफ'मध्ये व्हार २०० जीबीवर, मायएसक्यूएल चालू, चारही प्रोजेक्ट उघडले. "नाद खुळा!" असं ओरडून रूममेट मिसळीची ऑर्डर विचारत सुटला.

व्हार-ओल्ड आम्ही एक्स्टर्नल होऊन आठ दिवसांनी पुसला. रूटमधली १४ जीबी जागा मोकळी झाली.